इंटेलचा बॉब नॉइस, आणि थोडासा एएमडीचाही

हॉस्टेलवर कोणी नवीन कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिला वाद ठरलेला. इंटेल की एएमडी? लगेच दोन पार्ट्या पडतात, जुनी भांडणं उकरून निघतात आणि ज्याला कॉम्प्युटर घ्यायचाय तो बिचारा कोपऱ्यात बसून मॅगी खातो. या वादात एक नाव मात्र कधीच ऐकू येत नाही. रॉबर्ट नॉइस. इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी हा एक. आणि १९६९ मध्ये एएमडी सुरू झाली तेव्हा तिच्यात ज्यांनी स्वतःचे पैसे घातले, त्यांच्यातही हा होता! इंटेल तेव्हा जेमतेम वर्षाची होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रिंटिंग मिस्टेक असेल असं समजून पान उलटलं होतं. पण त्याचं आयुष्य नीट वाचल्यावर वाटलं की हा माणूस यापेक्षा वेगळं काही करूच शकला नसता.

नॉइसचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावचा. वडील पाद्री. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना प्रश्न पडेल की फादरना मुलं कशी, तर हे प्रोटेस्टंट पंथाचे, त्यांच्यात लग्नाला बंदी नसते.) चार भावांत हा तिसरा. वडिलांच्या बदल्या होत होत कुटुंब ग्रिनेल नावाच्या गावात स्थिरावलं. आजूबाजूला मक्याची शेतं, मध्ये एक छोटं कॉलेज. बाराव्या वर्षी बॉबने भावाबरोबर घरच्या घरी ग्लायडर बनवला आणि तो घेऊन चक्क तबेल्याच्या छपरावरून उडी मारली. हातपाय शाबूत राहिले. नंतर जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढून ती बर्फावरच्या घसरगाडीला लावली. थोडक्यात, घरोघरी असतो तसला कार्टा.

ग्रिनेल कॉलेजमध्ये मात्र प्रकरण जरा हाताबाहेर गेलं. १९४८ साली हॉस्टेलवर हवाई बेटांसारखी पार्टी करायची ठरली. अशा पार्टीला भाजलेलं डुक्कर लागतं. नॉइस आणि त्याचा एक मित्र रात्री शेतात शिरले आणि पंचवीस पौंडांचं एक डुक्कर उचलून आणलं. पार्टी झकास झाली. दुसऱ्या दिवशी दोघांना टोचणी लागली, म्हणून ते स्वतःच शेतकऱ्याकडे गेले, कबुली दिली आणि पैसे देऊ म्हणाले. पण आयोवा म्हणजे शेतकऱ्यांचं राज्य, तिथे जनावर चोरणं हा गंभीर गुन्हा. जेलची वेळ आली होती! फिजिक्सचे प्राध्यापक ग्रँट गेल (आपण त्यांना गेल सर म्हणू) मध्ये पडले, म्हणून एका सेमिस्टरच्या सस्पेन्शनवर निभावलं. तो काळ नॉइसने न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत आकडेमोड करत काढला.

तो परत आला ते नेमक्या वेळेला. बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला होता. त्याच्या तीन जनकांपैकी जॉन बार्डीन हे गेल सरांच्या ओळखीचे, आणि बेल लॅब्जचे प्रमुख ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. या ओळखींमुळे, मोठमोठ्या विद्यापीठांना अजून ज्याचं नीट दर्शनही झालं नव्हतं ती वस्तू या खेड्यातल्या कॉलेजात हातात घेऊन बघायला मिळाली. १९४९ मध्ये पदवी घेऊन नॉइस एमआयटीत गेला, १९५३ मध्ये पीएचडी झाला आणि मोठ्या कंपन्या सोडून फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीत लागला. तिथे तीनेक वर्षं झाली असतील, तेवढ्यात विल्यम शॉकलीचा फोन आला.

शॉकली म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी दुसरा. १९५६ चं नोबेल पुढे त्या तिघांना मिळालं. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे त्याला स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती. नॉइस इतका खुलला की सकाळी पालो आल्टोला उतरून दुपारपर्यंत त्याने आधी घर घेतलं आणि मग इंटरव्ह्यूला गेला, असं सांगतात. (प्लेसमेंटला जाणाऱ्यांनी अनुकरण करू नये.) शॉकली उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्याही घेत असे. नॉइस आणि गॉर्डन मूर या दोघांबद्दल निकाल आला की मुलं हुशार आहेत, पण चांगले मॅनेजर होणार नाहीत. पुढे या दोघांनी काय केलं ते जगाला माहीत आहे!

शॉकलीच्या बुद्धीबद्दल वादच नव्हता. माणसं निवडायची नजरही जबरदस्त. पण निवडलेल्या माणसांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. एकाने काढलेले निष्कर्ष तो बेल लॅब्जमधल्या जुन्या सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायचा. सगळ्यांचे पगार त्याने भिंतीवर लावून टाकले. एकदा सेक्रेटरीच्या हाताला दारातली टाचणी टोचली, तर हा घातपात आहे असं ठरवून लोकांची लाय डिटेक्टर टेस्ट घ्यायला निघाला. नॉइसचा अनुभव तर मला सगळ्यात चटका लावणारा वाटतो. ऑगस्ट १९५६ मध्ये त्याने वहीत एका डायोडची कल्पना लिहिली. व्होल्टेज वाढवलं तर एका टप्प्यात करंट उलट कमी होईल असा तो डायोड. शॉकलीला वही दाखवली, त्याने रस घेतला नाही, विषय तिथेच संपला. १९५८ मध्ये जपानच्या लिओ एसाकीने हाच डायोड जगापुढे मांडला. आपण तो टनेल डायोड म्हणून शिकतो. एसाकीला त्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. नॉइसने आयुष्यभर हाताखालच्या माणसाची कल्पना सहसा उडवून लावली नाही, त्याचं मूळ या वहीत असावं असा माझा तर्क आहे.

१९५७ मध्ये सात जणांनी शॉकलीला सोडायचं ठरवलं. त्यांच्यात पुढारी म्हणावा असा कोणी नव्हता. नॉइस शॉकलीच्या मर्जीतला, शिवाय त्याला भांडणं नको असायची, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी तयार झाला. आठवा. नवीन कंपनीचे पैसे उभे करायला न्यूयॉर्कहून आर्थर रॉक नावाचा तरुण बँकर आला. करारपत्र टाइप झालेलंच नव्हतं, तर एक-एक डॉलरच्या नोटा काढून सगळ्यांनी त्यांवर सह्या केल्या, तोच करार! कित्येक कंपन्यांनी नकार दिल्यावर शेर्मन फेअरचाइल्ड या धनिकाने सुमारे चौदा लाख डॉलर घातले. आठ जणांनी प्रत्येकी पाचशे टाकले. तेवढेही नॉइसकडे नव्हते, त्याने आजीकडे हात पसरले. अशी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली आणि या आठांना इतिहासात नाव पडलं ‘गद्दार आठ’.

आता गंमत बघा. आपल्याला धंदा कळत नाही म्हणून या आठांनी एड बाल्डविन नावाचा अनुभवी जनरल मॅनेजर बाहेरून आणला. तो १९५९ च्या सुरुवातीला काही माणसं आणि ट्रान्झिस्टर बनवायची सगळी कृती घेऊन पसार झाला आणि जवळच स्वतःची कंपनी थाटून बसला. गद्दारांशी गद्दारी! त्याच्या जागी नॉइस जनरल मॅनेजर झाला. तो कुठे कुलपं लावत बसला नाही. आणि त्याच वर्षी त्याच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं.

आठांपैकी जाँ होर्नी याने सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर पुसून न टाकता तसाच ठेवायचा, म्हणजे आतले जोड सुरक्षित राहतात, अशी पद्धत काढली होती. तिला प्लेनर प्रोसेस म्हणतात. जानेवारी १९५९ मध्ये नॉइसने वहीत लिहिलं की या थरावरूनच धातूच्या पट्ट्या काढल्या तर अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर जोडता येतील, वेगळ्या वायरी लागणारच नाहीत. झाली इंटिग्रेटेड सर्किट. मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने सप्टेंबर १९५८ मध्येच जर्मेनियमच्या तुकड्यावर सर्किट बनवून दाखवलं होतं. त्यात जोडणीला सोन्याच्या बारीक तारा हाताने लावलेल्या होत्या. कल्पना किल्बीची आधी, पण कारखान्यात हजारोंनी काढता येईल अशी रीत नॉइसची. पेटंटचा अर्ज किल्बीचा आधी गेला, पेटंट मिळालं मात्र नॉइसला आधी, १९६१ मध्ये. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. निकाल लागला १९६९ मध्ये, नॉइसच्या बाजूने. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९६६ मध्येच, दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना परवाने देऊन टाकले होते. दोघींचाही दुसरीच्या पेटंटशिवाय माल निघत नव्हता, करणार काय! इतर कंपन्यांना चिप बनवायची तर दोघींकडून लायसन्स घ्यावं लागे. म्हणजे वकील भांडत होते आणि धंदा समझोत्यावर चालला होता. या क्षेत्रात हे पुढेही वारंवार झालेलं दिसतं.

फेअरचाइल्डमधून माणसं सतत बाहेर पडत राहिली. आठांपैकी काही १९६१ मध्ये गेले. उत्पादन सांभाळणारा चार्ली स्पोर्क १९६७ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरला गेला. नफा पूर्वेकडच्या मूळ कंपनीत जात होता आणि बॉसपद द्यायची वेळ आली तेव्हा नॉइसला डावलण्यात आलं. १९६८ च्या जुलैमध्ये त्याने आणि मूरने इंटेल काढली. नॉइसने स्वतः टाइप केलेल्या एका पानाच्या जोरावर आर्थर रॉकने पंचवीस लाख डॉलर उभे केले. (आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टला ऐंशी पानं कमी पडतात.) त्यात तीन लाख ग्रिनेल कॉलेजच्या बाजूने आले. नॉइस आता तिथे ट्रस्टी होता. डुकराच्या चोराला घरी पाठवणाऱ्या कॉलेजने त्याच्या कंपनीत पैसे गुंतवले आणि पुढे ते भरपूर पटींनी वसूलही केले.

फेअरचाइल्डचा मार्केटिंगवाला जेरी सँडर्स मात्र नव्या बॉसच्या हाताखाली टिकला नाही. नोकरी गेल्यावर त्याने सात जणांना घेऊन १ मे १९६९ रोजी एएमडी काढली. पैसे उभे करताना त्याच्या नाकी नऊ आले. नॉइसला हा भपकेबाज, बडबड्या माणूस पहिल्यापासून आवडायचा. त्याने पैसे घातले. एएमडीचा सुरुवातीचा धंदा होता दुसऱ्यांच्या चिप्स जास्त चोख बनवून विकण्याचा. उद्या ती आपल्याही चिप्स बनवेल हे नॉइसला दिसत नव्हतं असं मला वाटत नाही.

प्रोसेसरची गोष्ट इथे सुरू होते. जपानच्या बुसिकॉम कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी बऱ्याच वेगवेगळ्या चिप्स हव्या होत्या. इंटेलच्या टेड हॉफने सुचवलं की त्यापेक्षा एकच प्रोग्राम करता येणारी चिप काढू. इंटेलचं पोट तेव्हा मेमरीवर भरत होतं, हे काम आडवळणाचं होतं, तरी नॉइसने हॉफला पुढे जायला सांगितलं. फेडेरिको फॅगिन, स्टॅन मेझर आणि बुसिकॉमचा मासातोशी शिमा यांच्या हातून नोव्हेंबर १९७१ मध्ये ४००४ बाजारात आली. २३०० ट्रान्झिस्टर. पण चिपचे हक्क होते बुसिकॉमकडे! बुसिकॉम अडचणीत होती, तिला भाव कमी हवा होता. इंटेलने सवलत देऊन हक्क परत मिळवले. जगाचा इतिहास असा घासाघिशीत ठरला. फॅगिन मात्र १९७४ मध्ये इंटेल सोडून गेला आणि त्याने झायलॉग काढली. तिचा झेड-८० प्रोसेसर इंटेलच्याच ८०८० चे प्रोग्राम चालवायचा. त्यानंतर इंटेलच्या कथेत फॅगिनचं नाव बरीच वर्षं मागे राहिलं. नॉइसच्या कंपनीत हे व्हायला नको होतं.

एएमडीनेही ८०८० ची हुबेहूब नक्कल १९७५ मध्ये बाजारात आणली. मूळ चिपचे फोटो काढून, उलट्या बाजूने डिझाइन उलगडून! कोर्टात जायचं सोडून १९७६ मध्ये इंटेलने एएमडीशी पेटंटच्या देवाणघेवाणीचा करार केला. याला कारण नुसता मोठेपणा नाही. समजा तुम्ही मशीन बनवताय आणि त्यातला प्रोसेसर एकच कंपनी देते. उद्या तिच्या कारखान्याला आग लागली किंवा तिने भाव दुप्पट केला, तर तुमचं दुकान बंद. म्हणून शहाणं गिऱ्हाईक अट घालायचं की हीच चिप बनवणारी दुसरी कंपनी दाखवा, मगच ऑर्डर. याला सेकंड सोर्स म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायचा तर आपलं डिझाइन प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचं! आपल्या लॅबमधली ८०८५ ची किट आठवा. डिझाइन इंटेलचं, १९७६ चं. पण ही चिप एएमडी, एनईसी, तोशिबा अशा कितीतरी जणांनी बनवली. एएमडीने बनवलेल्या चिपवर वर एएमडीचं नाव आणि खाली इंटेलचा कॉपीराइट छापलेला सापडतो. पुढच्या प्रॅक्टिकलला चिपवरची अक्षरं वाचून बघा, ओरलला कोणी विचारणार नाही पण मजा येईल. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी ८०८८ निवडली, तेव्हाही हीच अट होती. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीमध्ये दहा वर्षांचा करार झाला. आज आपल्या हॉस्टेलवर ज्या दोन पार्ट्या पडतात त्या या करारामुळे.

इथे नॉइसचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याला कोणालाच नाही म्हणता येत नसे. मीटिंगमध्ये दोघं भांडले तर हा हसून बाजूला राहायचा. इंटेलचा तिसरा माणूस अँडी ग्रोव्ह, शिस्तीचा भोक्ता, याच गोष्टीवर चिडायचा. १९७४ च्या मंदीत इंटेलला जवळजवळ एक तृतीयांश माणसं कमी करावी लागली, ते नॉइसला फार लागलं. १९७५ मध्ये त्याने रोजचा कारभार मूरकडे देऊन चेअरमनपद घेतलं. साधी टेबलं, कोणाला राखीव पार्किंग नाही, हे सगळं खरं. पण कामगार संघटनेला त्याचा ठाम विरोध होता. इंजिनिअरने कल्पना आणली तर दार उघडं, कामगारांनी एकत्र येऊन मागणी केली तर मात्र नाही. हा विश्वास सगळ्यांना सारखा मिळत नव्हता.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी मेमरीचा बाजार जवळजवळ काबीज केला. १९८५ मध्ये इंटेलला ज्या धंद्यावर ती उभी राहिली तो डीरॅमचा धंदा सोडावा लागला. सिलिकॉन व्हॅलीतले वैरी आता एका टेबलाला बसू लागले. १९७७ मध्येच नॉइस, स्पोर्क, सँडर्स वगैरेंनी मिळून उद्योगाची संघटना काढली होती. १९८७ मध्ये सेमाटेक स्थापन झाली. चौदा कंपन्या, सरकारकडून वर्षाला दहा कोटी डॉलर, आणि काम एकच, चिप बनवायचं तंत्र सुधारणं. इंटेल आणि एएमडी दोघी तिच्यात होत्या. आणि त्याच १९८७ मध्ये दोघींचा लवादही सुरू झाला! ग्रोव्हच्या इंटेलने ३८६ चं डिझाइन एएमडीला द्यायचं नाकारलं होतं. ते भांडण १९९५ पर्यंत चाललं. दुसऱ्या एका भांडणात २००९ मध्ये इंटेलने एएमडीला सव्वाशे कोटी डॉलर मोजले. आणि २०२४ मध्ये याच दोघी एक्स८६ सांभाळायला एका सल्लागार मंडळात शेजारी बसल्या. असो.

सेमाटेकला प्रमुख मिळेना. कोणत्याही कंपनीचा माणूस आला की बाकीच्या तेरा जणी संशयाने बघणार. सगळ्यांना चालेल असं नाव एकच निघालं. नॉइस साठीला आला होता, पैसा रग्गड होता, विमान चालवायचं, पोहायचं, मजेत राहायचं सोडून तो १९८८ मध्ये पत्नी अ‍ॅनबरोबर टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहायला गेला. कंपन्या आपली खरी गुपितं आणायला तयार नव्हत्या. मग सेमाटेकने भर दिला तो चिप बनवायची यंत्रं पुरवणाऱ्यांवर, कारण यंत्रं चांगली हवीत यावर चौदाही जणांचं एकमत होतं.

ऑस्टिनमध्येच ३ जून १९९० रोजी, रविवारी, सकाळी पोहून आल्यावर त्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला. वय ६२. कॉलेजात तो डायव्हिंगचा चॅम्पियन होता, पोहणं शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि सिगारेटही सुटली नव्हती. इंटिग्रेटेड सर्किटसाठी नोबेल दिलं गेलं २००० साली. ते मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे मिळालं जॅक किल्बीला, ज्याच्या कंपनीशी नॉइसच्या कंपनीची बरीच वर्षं कोर्टबाजी चालली होती. पारितोषिकाच्या वेळी किल्बीने नॉइसचं नाव घेतलं आणि तो असता तर हा मान दोघांत वाटला गेला असता, असं सांगितलं.